जुनी खुर्ची, जुने चित्र, जुनी चौकट



आमच्या बोरिवलीच्या इमारतीचा पुनर्विकास एकदाचा संपला आणि नव्या घराच्या किल्ल्या हातात आल्या. सूनबाईने मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. वेताची खुर्ची, लेसचा पडदा, डाग पडलेला आरसा, पत्र्याची ट्रंक, इनॅमलचा मग. "आई, मला घर असं व्हिंटेज हवंय, जरा रोमँटिक." मला हसूच आले. त्यातल्या निम्म्या वस्तू मी माझ्या हाताने बोहारणीला आणि भंगारवाल्याला दिल्या होत्या. जुन्या जरीच्या साडीवर स्टीलचा डबा मिळाला म्हणून आपण किती खूश व्हायचो, आठवते ना?

अमेरिकेत जुन्या वस्तूंची दुकाने दानधर्मातून वाढली. बोस्टनमध्ये १९०२ साली सुरू झालेली गुडविल ही संस्था घरोघरचे जुने सामान गोळा करायची, गरजू माणसांकडून ते दुरुस्त करून घ्यायची आणि विकायची. आपल्याकडे हे काम डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बोहारणीने केले. 

असो. आम्ही दोघी जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा बाजारात गेलो. जुने फर्निचर म्हटले की दक्षिण मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि आपल्या उपनगरात ओशिवरा. तिथे तीन वस्तूंपाशी आमची पावले थांबली : एक खुर्ची, एक चित्र आणि एक चौकट. घरी आल्यावर त्या तिन्हींचा इतिहास मी सूनबाईला सांगितला. तोच तुम्हालाही सांगते, कारण वस्तू घरात आणायच्या आधी ती कुठून आली हे विचारायला हवे, असे मला आता वाटू लागले आहे.

पहिली खुर्ची. लांब हातांची, वेताने विणलेली आरामखुर्ची. दुकानदार म्हणाला, "बर्मा टीक आहे, मावशी." हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो, पण बर्माचा साग मुंबईत आला कसा? बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली स्थापन झाली आणि ब्रह्मदेशाच्या जंगलातला साग तिने तोडून बाहेर नेला. १८८५ मध्ये कंपनीने तोडलेली झाडे कमी दाखवली असा आरोप ठेवून तिथल्या राजाच्या दरबाराने तिला मोठा दंड केला. इंग्रजांनी त्याचेच निमित्त केले. युद्ध झाले, मंडाले पडले आणि थिबा राजा कैद झाला. १८८६ साली त्याला कुठे आणून ठेवले? आपल्या कोकणात, रत्नागिरीला. तिथला थिबा पॅलेस १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. आपण सहलीला जाऊन त्या राजवाड्यासमोर फोटो काढतो आणि घरी येऊन बर्मा टीकच्या खुर्चीत बसतो. दोन्हींचा धागा एकच आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले.

आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाला १५ प्रकारचे व्यवसाय वर्ज्य सांगितले आहेत. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात ते सविस्तर मांडले. त्यात वनकर्म आहे, म्हणजे जंगल तोडून पोट भरणे. दंतवाणिज्य आहे, म्हणजे हस्तिदंतासारख्या वस्तूंचा व्यापार. आणि लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार. हे तिन्ही शब्द मला त्या एका बाजारात भेटले. खुर्ची जंगलतोडीची, शेजारच्या पेटीवर हस्तिदंती नक्षी, आणि सगळ्या लाकडावर चपड्याचे पॉलिश. चपडा म्हणजे लाखच, आणि लाख म्हणजे लाखो किड्यांचा जीव.

मग जुनी खुर्ची घ्यावी की नाही? माझा हिशेब असा. ते झाड शंभर वर्षांपूर्वी पडले. आज मी ती घेतली तर नवीन झाड पडत नाही. नवे फर्निचर घेतले तर कुठे ना कुठे नवे लाकूड लागतेच. म्हणून जुने घेण्यात दोष कमी. पण तीन गोष्टी बघून. पायांखाली ताजा, पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर आत कीड जिवंत आहे. ती वस्तू घरी आणली की औषध मारावेच लागणार, म्हणजे विकत घेऊन हिंसा करणे. ती तिथेच सोडावी. हस्तिदंत असेल तर हात लावू नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी तो व्यापार बंदच केला आहे. आणि पॉलिशवाल्या मिस्त्रीला आधीच सांगावे की चपडा नको, मेण नको, जवसाचे तेल लाव. चमक थोडी कमी येते, पण लाकूड छान मऊ दिसते. खुर्ची आम्ही घेतली.

दुसरी वस्तू चित्र. काचेच्या फ्रेममधली लक्ष्मी, साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. त्याआधी तैलचित्र फक्त राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात असायचे. छापखान्यामुळे ते चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आले. एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि एका चित्रासाठी असे कितीतरी दगड. मग मुंबईत प्लेग आला आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. चित्रे घरोघर गेली, पण धंदा तोट्यात आला. शेवटी रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी तिथे काम केले होते. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला याची गंमत वाटते. ज्या मालाने सगळ्या देशाच्या भिंती सजल्या, त्या मालाच्या मालकाच्या वहीत नुकसान!

जर आणि टिकल्या मात्र छापखान्यातच लागत असे नाही. बायका घरी बसून देवीला सजवायच्या. म्हणून एकाच छापाची दोन चित्रे सारखी नसतात. ते चित्र पाहताना मला तिची आठवण आली, जिने दुपारी भांडी आवरून, चष्मा लावून एक एक टिकली चिकटवली असेल. तिचे नाव कुठेच नाही. आणि तिच्या घरातून ते बाजारात कसे आले?

याचे उत्तर आपल्या उपनगरांच्या इतिहासात आहे. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८६७ मध्ये विरारला पोहोचली. १८९६ च्या प्लेगनंतर ज्यांना जमले ते दाट वस्तीतून बाहेर पडले. पुढे विलेपार्ले, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड इथे ऐसपैस बंगले उठले. समोर ओटा, आत झोपाळा, शिसवी पलंग, आरशाचे कपाट. १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतची, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतची गावे मुंबई महापालिकेत आली. जमिनीला सोन्याचा भाव आला. शहरात १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांनी डागडुजी सोडली. मग बंगले पडले, चाळी पडल्या आणि टॉवर उभे राहिले. टॉवरच्या लिफ्टमध्ये शिसवी पलंग मावत नाही. घर बदलायच्या धांदलीत, "घेऊन जा हो, जागा मोकळी करा," म्हणून तो पलंग जातो. पडलेल्या घरांची दारे, तुळया, खिडक्यासुद्धा याच बाजारात येतात आणि त्यांतून नवे 'जुने' फर्निचर तयार होते. म्हणून मैत्रिणींनो, खण पूर्ण बाहेर ओढून मागची बाजू बघा. जुन्या सुताराचे सांधे हाताने कापलेले, थोडे कमीजास्त असतात. चित्रावर भिंग धरा. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ते आजकालचे छापील चित्र. खालच्या कडेला कार्ला-लोणावळ्याचे नाव आहे का तेही बघा. आमचे चित्र अशा तपासणीत नवे निघाले. ते ठेवून आलो.

आता तिसरी वस्तू. ही सांगायला मला जड जाते.

दुकानाच्या मागच्या अंगाला एक कोरीव लाकडी चौकट उभी होती. वेलबुट्टी, दोन्ही बाजूंना कलश, आणि वरच्या पट्टीच्या मध्यभागी पद्मासनात बसलेली एक छोटी आकृती. झिजलेली. लक्ष्मी म्हणावी तर हात कळत नव्हते, जिनबिंब म्हणावे तर खात्री होत नव्हती. मंदिराच्या आणि देव्हाऱ्याच्या चौकटीवर नेमकी तिथेच मूर्ती असते. सूनबाई म्हणाली, "आई, यात आरसा बसवू. बेडरूममध्ये किती सुंदर दिसेल!" मी म्हटले, "थांब जरा." मला अहमदाबाद आठवले.

अहमदाबादचे हठीसिंगांचे संगमरवरी जिनमंदिर तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असेल. हठीसिंग शेठ १८४५ मध्ये अचानक वारले, आणि त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणींनी ते मंदिर १८४८ मध्ये पूर्ण करवून घेतले. त्याच घराण्यातल्या मगनभाईंना १८८१ च्या सुमारास लॉकवुड डी फॉरेस्ट नावाचे एक अमेरिकन चित्रकार भेटले. ते लग्नानंतरच्या प्रवासात पत्नीसह हिंदुस्थानात आले होते. जुन्या घरांचे कोरीव लाकूडकाम बघून ते वेडे झाले. दोघांनी मिळून अहमदाबादेत कोरीवकामाचा कारखाना काढला. तिथल्या मिस्त्रींनी कोरलेले सागवान न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत गेले. डी फॉरेस्ट यांचे स्वतःचे न्यूयॉर्कमधले घर आजही त्या लाकडाने सजलेले आहे. रोमँटिक सजावटीचे वेड असे जुने आहे आणि त्यात एका जैन घराण्याचा हात आहे. कारागिरांना काम मिळाले, कला टिकली. याचा अभिमान वाटतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाटणचा एक सागवानी जैन मंडप उभा आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. घुमटावर नर्तकी, वादक, दिक्पाल. लॉकवुड आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांनी तो १९१६ साली संग्रहालयाला भेट दिला. तो तिथे सुरक्षित आहे, जगभरचे लोक तो पाहतात. पाटणला राहिला असता तर आज असता का, हे कोण सांगणार? पण ज्या छताखाली आपल्या पूर्वजांनी हात जोडले, तिथे आज तिकीट काढून जावे लागते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. १९७२ साली आपल्या सरकारने पुरावशेषांचा कायदा केला, त्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू देशाबाहेर विकायला नेता येत नाही. देशाच्या आतला हिशेब मात्र ज्याचा त्याने करायचा.

हे सगळे मी सूनबाईला सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "आई, आपण नाही घेतली तर ती कुणाच्या तरी बारमध्ये लागेल. मग?" मला उत्तर सुचले नाही. आपल्या मंदिरातल्या पंडितजींना फोन केला. ते म्हणाले, आकृती कोणाची हे आधी बघू. जिनबिंब असेल तर शोभेसाठी ठेवणे योग्य नाही, आदराने कुठे ठेवायची ते ठरवू. चौथ्या दिवशी त्यांना घेऊन गेलो, तर जागा रिकामी होती. चौकट विकली गेली होती. कुणी घेतली, दुकानदाराला आठवत नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्याच दिवशी पैसे देऊन ती उचलायला हवी होती का? आजही नक्की सांगता येत नाही. पण दुसरी एक गोष्ट लख्ख समजली. अशा चौकटी बाजारात आपणच पाठवल्या. कुण्या जैन घरानेच कधीतरी ती "जुनी झाली" म्हणून दिली असणार.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात वस्तूला परिग्रह म्हटले नाही, वस्तूवरच्या मूर्च्छेला म्हटले. पण श्रावकाने ज्या गोष्टींचे परिमाण ठेवायचे, त्यांत जमीन, घर, सोने, धान्य यांच्याबरोबर 'कुप्य' हाही शब्द आहे, म्हणजे कपडेलत्ते, भांडीकुंडी, घरसामान. म्हणून आम्ही दोघींनी एक वही केली आहे. डाव्या पानावर घरात आलेली वस्तू, उजव्या पानावर गेलेली. एक आली तर एक जायची. आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कुणाची, कुठून आली, हे दोन ओळींत लिहायचे. हिशेबाच्या पुस्तकात जुन्या वस्तूवर घसारा लावून शेवटी शून्य करतात. या वहीत घसारा नाही.

पहिली नोंद सूनबाईने केली. माझ्या सासूबाईंचा लाकडी देव्हारा, सांगलीहून आलेला, एका बाजूचा कंगोरा तुटलेला. पुनर्विकासाच्या वेळी तो द्यायचा विचार मीच केला होता, हे मी तिला सांगितले. तिने तेही लिहून ठेवले. देव्हारा आता पूर्वेच्या भिंतीला आहे, आणि बर्मा टीकची खुर्ची खिडकीपाशी.

दशलक्षण पर्वात नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य धर्म येतो. त्या दिवशी यंदा ही वही उघडून बसणार आहोत. तुम्हीही एकदा आपल्या माळ्यावर चढून बघा. काय सापडले ते मला जरूर कळवा.