कुरणांतली शाळा आणि विद्यापीठ

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यांतले दोन डोंगराळ तालुके. एकाच्या उशाशीं माहुलीचा किल्ला, दुसऱ्याच्या माथ्यावर माळशेजचा घाट. शहापुरांतल्या तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आलें आहे. पाणी इकडून मुंबईस गेलें. मुंबईची विद्या मात्र इकडे यावयास फार काळ लागला.

ह्या विलंबाचें कारण केवळ रस्त्यांचा अभाव नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें. परीक्षा घेणें व पदव्या देणें एवढेंच त्याचें काम होतें. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांना अध्यापनासही मोकळीक मिळाली. तथापि परीक्षेनें पाडलेलें वळण सहजासहजीं मोडलें नाहीं. विद्यार्थ्यानें अभ्यासक्रमाच्या मापाचें व्हावें, अभ्यासक्रमानें विद्यार्थ्याकडे पाहूं नये, असा जणूं नियमच होऊन बसला. त्याची छाया खालीं गांवच्या शाळेपर्यंत पोंचली.

ह्याच विद्यापीठाच्या एका पदवीधर स्त्रीनें ही चाल उलटविली. ताराबाई मोडक ह्यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्यासमवेत बालशिक्षणाचें काम केलें, आणि १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणे जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. २०१४ पासून तो प्रदेश पालघर जिल्ह्यांत मोडतो. तेथें वारल्यांचीं मुलें शाळेंत येत ना. त्यांना आळशी न म्हणतां, तीं कां येत नाहींत हें ह्या दोघींनीं पाहिलें. मुलगा गुरें राखतो, मुलगी धाकट्या भावंडाला संभाळते. घर त्यांच्या श्रमावर चालतें. तेव्हां शाळाच गुरांमागें कुरणांत गेली, बालवाडी अंगणांत भरली, आणि भावंडांसाठीं पाळणाघर शाळेशेजारीं आलें. महाग साधनांची जागा खडे, शिंपले, पानें व बिया ह्यांनीं घेतली.

शहापूर-मुरबाडकडे हा प्रश्न अद्यापि संपलेला नाहीं. भाताचा हंगाम आटोपला कीं कित्येक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. मुलेंही त्यांच्याबरोबर जातात, आणि पटावर केवळ नांव उरतें. त्यांतून जो कोणी कॉलेजापर्यंत पोंचतो, त्याच्यापुढें लांबचा प्रवास, परकी भाषा आणि घरचें काम हीं तिन्हीं एकदम उभीं राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें विषय निवडण्याची मोकळीक व मातृभाषा ह्यांस महत्त्व दिलें आहे. हें इष्टच होय. परंतु नियम बदलल्यानें दृष्टि बदलतेच असें नाहीं.

ती दृष्टि कोसबाडच्या कुरणांत सांपडते. विद्यार्थी गैरहजर राहिला तर त्याला कोणती शिक्षा करावी, हें ठरविण्यापूर्वीं तो ह्या वेळीं कोठें आहे आणि काय करीत आहे, एवढें विचारावें. जें विद्यापीठ हा प्रश्न मनापासून विचारील, तेंच विद्यार्थ्याचें विद्यापीठ होय.