तळटीप : निवटी

१. निवटी : खाडीच्या चिखलात राहणाऱ्या या उष्णकटिबंधीय माशाची एक जाती फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हालान्सियेन याने १८३७ मध्ये मुंबईकडील नमुन्यांवरून वर्णिली आणि संग्राहक द्युसुमिए याच्यावरून तिला ‘बोलिऑफ्थाल्मस डसुमिएरी’ हे शास्त्रीय नाव दिले. मूळ मजकुरात ती ओहोटीमुळे चिखलात अडकल्याचे म्हटले आहे, ते मात्र ग्राह्य धरू नये. कारण ओहोटी हीच तिची चरण्याची वेळ असून उघड्या पडलेल्या चिखलावरील डायॅटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म एकपेशीय शैवले, ती डोके डावी-उजवीकडे फिरवीत खरवडून खाते. कल्ल्यांच्या पोकळीत राखलेले पाणी आणि ओली त्वचा यांच्या आधारे ती हवेतला ऑक्सिजन घेते, त्यामुळे अंग सुकू न देणे एवढेच तिला सांभाळावे लागते (मधूनमधून ती चिखलात लोळते ती त्यासाठीच). माथ्यावर बेडकासारखे वर आलेले डोळेही ती खोबणीत ओढून तेथील ओलाव्यात भिजवून घेते. छातीकडील परांवर रेटा देत ती पुढे सरकते व चाहूल लागताच बिळाकडे उडी घेते. निवटीच्या काही जातभाईंमध्ये नर तोंडात हवा भरून ती बिळातील अंड्यांच्या कोठडीत नेऊन सोडतो, कारण तेथल्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच.