तीन ते सहा वर्षांचं मूल : किती खेळावं, काय जमायला हवं, दवाखान्यात कधी न्यावं?

खेड्यातलं पोर दिवसभर मातीतच असतं, त्याला वेगळा व्यायाम कशाला, असं आपण म्हणतो. पण आता तीन वर्षांचं पोर जेवतानाही मोबाईल मागतं आणि आपणही कामाच्या घाईत देऊन टाकतो. म्हणून ही माहिती.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नियम सांगितले. 3 ते 4 वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी. त्यातली 60 मिनिटं दम लागेल अशी, म्हणजे पळणं, उड्या मारणं. मोबाईल-टीव्ही जास्तीत जास्त 1 तास, त्याहून कमी तर उत्तमच. झोप 10 ते 13 तास, दुपारची धरून. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोबाईल दाखवूच नये.

तीन तास म्हणजे सलग नव्हे. अंगणवाडीत चालत जाणं, अंगणात लंगडी, टायर पळवणं, आंधळी कोशिंबीर, सगळं त्यात धरायचं. फक्त विहीर आणि शेततळ्याजवळ लहान पोराला एकटं सोडू नका.

आता हाताचं. बऱ्याच घरात तिसरं वर्ष लागलं की पाटी-पेन्सिल देऊन अ-आ गिरवायला बसवतात. माझ्या मते ही घाई आहे. बोटात ताकद आल्याशिवाय पेन्सिल नीट धरता येत नाही. ती ताकद कणकेचा गोळा मळण्यात, मातीचे बैल करण्यात, मटार-वालाच्या शेंगा सोलण्यात येते. समोर मोठं माणूस बसलेलं हवं, कारण शेंगदाणा, चिंचोका, मणी लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो.

साधारण अंदाज असा: दोन वर्षांचं मूल पळतं, चेंडूला लाथ मारतं. तीन वर्षांचं मोठे मणी दोऱ्यात ओवतं, काही कपडे स्वतः घालतं. चार वर्षांचं मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलतं. पाच वर्षांचं एका पायावर उडी मारतं, काही बटणं लावतं. एखादं पोर थोडं मागं-पुढं असतं, शेजारच्याशी तुलना करत बसू नका.

पण काही खुणा दिसल्या तर "बाप पण उशिरा चालला होता" म्हणून सोडून देऊ नका. दीड वर्ष झालं तरी चालत नाही. आधी जमत होतं ते आता जमत नाही. एकच हात किंवा पाय वापरतं. कायम चवड्यावर चालतं. सारखं पडतं आणि जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकवत उठतं. ही शेवटची खूण स्नायूंच्या आजाराची असू शकते, मुलग्यांमध्ये जास्त.

यासाठी लगेच मोठ्या शहरात पळायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका. तारीख अंगणवाडी सेविकेला विचारा आणि शंका असेल ती डॉक्टरांना तोंडाने सांगा. गरज वाटली तर पथक पुढे पाठवतं, उपचार मोफत असतात. वर सांगितलेली खूण दिसत असेल तर पथकाची वाट पाहू नका, आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड न्या.