भेकराची भाऊबंदकी

मंडळी, आम्ही मिल्टन कीन्सला राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. मध्यरात्री घरामागून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. सौ. म्हणाली, "शेजाऱ्यांचा कुत्रा असेल, झोपा." मी मात्र उठून बसलो. संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या आजोळी हा आवाज मी कितीतरी वेळा ऐकला होता. रानातून असा आवाज आला की आजी म्हणायची, "भेकर ओरडतंय. वाघरू फिरत असेल, आत या रे पोरांनो."

सकाळी पडदा सारून पाहिलं, तर आमच्या गुलाबाचे कोंब खात एक बुटकं, किंचित पोक काढल्यासारखं हरीण उभं! कोकणातलं भेकर इंग्लंडात कसं, या कुतूहलापोटी वाचायला सुरुवात केली आणि एक मजेदार इतिहास हाती लागला.

पहिली गोष्ट कळली ती ही, की बागेतले पाहुणे आपलं भेकर नव्हते, त्याचे चिनी चुलतभाऊ होते. त्यांचं नाव रीव्हजचा मुंटजॅक. जॉन रीव्हज हे ईस्ट इंडिया कंपनीचे कँटनमधले चहाचे तपासनीस. चहा पारखता पारखता त्यांनी चीनमधले प्राणी आणि वनस्पती यांचे नमुने आणि चित्रं गोळा केली. १८३९ साली ऑगिल्बी यांनी या हरणाला त्यांचं नाव दिलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकनी आमच्या घराजवळच्याच वोबर्नच्या उद्यानात मुंटजॅक आणले. सुरुवातीला भारतीय भेकरंही तिथे होती, पण ती टिकली नाहीत. चिनी भाऊबंदांपैकी काही १९०१ साली आसपासच्या रानात सोडले गेले. पुढे इतरही ठिकाणांहून काही सुटले, काही मुद्दाम सोडले गेले आणि त्यांचा संसार दक्षिण इंग्लंडभर पसरला.

दोघांचं कुळ एकच, मुंटियाकस. हा शब्द पश्चिम जावामधल्या सुंदा भाषेतून आलेला. नराच्या डोक्यावर केसाळ हाडाच्या लांब खुंटांवर आखूड शिंगं असतात आणि वरच्या ओठाबाहेर सुळे डोकावतात. शिंगं दरवर्षी गळून पुन्हा येतात, म्हणजे हे खरंखुरं हरीण, चौशिंग्यासारखं कुरंगाच्या गोतातलं नव्हे. पण दिसायला इतके सारखे असलेले हे भाऊ आतून किती वेगळे! चिनी मुंटजॅकच्या पेशीत माणसाइतकीच, म्हणजे ४६ गुणसूत्रं. भारतीय भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७! सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या कोणाचीच माहीत नाही. वुर्स्टर आणि बेनिर्शके या शास्त्रज्ञांनी हे १९७० साली जाहीर केलं तेव्हा प्राणिशास्त्रात खळबळ उडाली.

इंग्लंडात या पाहुण्यांचं आता फारसं कौतुक उरलेलं नाही. त्यांच्या विणीला ठरावीक हंगाम नाही. सात महिन्यांत पाडस होतं आणि मादी काही दिवसांतच पुन्हा गाभण राहू शकते. ते ब्लूबेलची फुलं आणि झाडांचे कोवळे फुटवे खातात, त्यामुळे नाइटिंगेलसारख्या पक्ष्यांना लपायला झुडपं उरत नाहीत. २०१९ च्या आदेशानंतर तर जखमी मुंटजॅक पकडून बरा केला, तरी त्याला पुन्हा रानात सोडता येत नाही.

आणि आपलं भेकर? आययूसीएनच्या २०१६ च्या नोंदीत ते 'फारशी चिंता नाही' या गटात आहे. कारण हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंतची लाल भेकरं तिथे एकाच जातीत मोजलेली आहेत. एवढा मोठा गोतावळा म्हटल्यावर चिंता कोण करणार? पण २०१७ साली संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए तपासला गेला, तेव्हा लाल भेकरांच्या तीन वेगळ्या शाखा दिसल्या. एक सुमात्रा, जावा, बोर्निओकडची, एक उत्तर भारतापासून आग्नेय आशियातल्या मुख्य भूमीवरची आणि एक फक्त सह्याद्रीची व श्रीलंकेची. म्हणजे माझ्या आजीचं भेकर हिमालयातल्या भेकरापेक्षा सिंहली भेकराच्या जवळचं! त्याला स्वतंत्र जात मानावं की नाही, हा तज्ज्ञांचा विषय. पण ती शाखा वेगळी मोजली, तर तिचं घर एवढंसंच ठरतं: पश्चिम घाटाची चिंचोळी पट्टी आणि एक बेट. तिथलं रान तुटलं तर आसामात किंवा थायलंडात भेकरं भरपूर आहेत म्हणून ती शाखा वाचणार नाही. कोयना आणि चांदोलीची अरण्यं मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचा आधार भेकरालाही आहे. पण आजोळसारख्या गावांमागच्या खाजगी रानांना असं कुठलंच कुंपण नाही.

गेल्या खेपेला आजोळी गेलो होतो. आजी आता नाही. मागच्या डोंगरावरचं रान बरंच उतरलं आहे, तिथे काजूची लागवड झाली आहे. चार रात्री पडवीत झोपलो, पण एकदाही तो आवाज आला नाही. इकडे परतलो त्याच रात्री मात्र मागच्या बागेतून स्वच्छ ऐकू आला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं भेकर!" मी म्हटलं, "नाही रे, तो त्याचा चुलतभाऊ."

मंडळी, सुट्टीत गावी जाल तेव्हा एक रात्र पोरांना घेऊन अंगणात बसा. भेकर ओरडलं, तर त्यांना त्याचं नाव नक्की सांगा.