जुना संगणक, नवे खेळ

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला आणि आल्या आल्या माझ्या बारा-तेरा वर्षांच्या डेस्कटॉपला नावं ठेवायला लागला. "आजोबा, हा डबा झालाय. यावर गेम चालणार कसा?" दुकानदारानेही नवाच घ्या म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यात आमचे चिरंजीव हसून म्हणाले, "बाबा, १९९५ मध्ये आपल्याकडे हेच रडगाणं होतं, आठवतंय?"

आठवतंय तर! 'डूम'साठी त्याने तयार केलेली फ्लॉपी मीच कपाटात कुलपात ठेवली होती. बारावीचं वर्ष आणि हे बंदुकांचे खेळ... असो. जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा चिरंजीवांकडून समजून घेऊन या रडगाण्याचाही इतिहास सांगतो.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्याचा प्रोसेसर जास्तीत जास्त १ एमबी मेमरी हाताळू शकत असे आणि त्यातली ६४० केबी प्रोग्रामसाठी होती. पुढे मशीनमधली मेमरी वाढली तरी डॉसमधले बरेचसे खेळ त्या ६४० केबीतच अडकले. माऊस, सीडी, साऊंड कार्ड यांचे छोटे प्रोग्रामही तिथेच जागा अडवून बसत. मग पोरं 'कॉन्फिग.सिस' आणि 'ऑटोएक्झेक.बॅट' या दोन फाइली उघडून कुणाला बसू द्यायचं आणि कुणाला उठवायचं ते ठरवत. एसटीत जागा करण्यासारखंच!

१० डिसेंबर १९९३ ला आयडी सॉफ्टवेअरचा 'डूम' आला. त्याने ही ६४० ची भिंत ओलांडली, पण मशीनमध्ये ४ एमबी मेमरी हवी, अशी त्याची अट होती. आमच्याकडे नेमकी तेवढीच होती. त्यातली काही 'स्मार्टड्राइव्ह' हा डिस्कचा वेग वाढवणारा प्रोग्राम खाई. म्हणून त्याला वगळून संगणक सुरू करणारी वेगळी फ्लॉपी बनवावी लागे. कुलपात गेली ती हीच.

डूममध्ये आणखी एक सोय होती. वजाबाकीचं बटण दाबलं की खेळाची चौकट लहान होई आणि वेग वाढे. एफ-५ दाबलं की चित्र जाडंभरडं होई, पण आडव्या रेषेतले निम्मेच ठिपके मोजावे लागत. काहीतरी सोडा, काहीतरी मिळवा.

१९९६ मध्ये 'क्वेक' आला आणि अडचणीची जागाच बदलली. डूमचं गणित पूर्णांकांत चाले, तर क्वेकला दशांशाची आकडेमोड भरपूर लागे. तिथे ४८६ ने मान टाकली. त्या गणितात पेंटियम पुढे होता. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं 'व्हूडू' कार्ड आलं आणि त्रिमितीतली चित्रं रंगवण्याचं काम प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरलं. पण हे कार्ड तेवढं एकच काम करी. साध्या चित्रासाठी जुनं कार्ड शेजारी ठेवून दोन्ही बाहेरून वायरने जोडावी लागत.

१९९८ मध्ये इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन ३००ए आला. हौशी मंडळींनी मदरबोर्डवरचा ६६ चा वेग १०० केला की साडेचार पटीच्या हिशेबाने ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळे. प्रत्येक चिप तयार होईच असं नाही, पण बऱ्याच होत.

हे सगळं ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. मेमरी, दशांश गणित, चित्रं रंगवणं, प्रोसेसरचा वेग... दर वेळी अडलेली जागा वेगळी होती. जो आधी ती जागा शोधे, त्याचे पैसे वाचत.

बापलेकांनी तेच केलं. आधी डबा उघडून धूळ काढली, कारण प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. एकट्या रॅमच्या पट्टीला जोडीदार दिला, म्हणजे दोन्ही वाटांनी माहिती जाते. एसएसडी बसवल्यावर खेळ लवकर सुरू व्हायला लागला, पण खेळतानाचा अडखळेपणा तिने जात नाही, हेही कळलं. शेवटी रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणलं. वीस लाखांवरचे ठिपके सव्वानऊ लाखांच्या आत आले आणि खेळ सुरळीत चालू लागला. अडचण प्रोसेसरची असती तर याचा फारसा उपयोग झाला नसता. म्हणजे तीस वर्षांनीही तेच वजाबाकीचं बटण!

रात्री कपाट उघडून ती फ्लॉपी चिरंजीवांच्या हातात दिली. त्या वर्षी मी नुसतं "खेळतोस काय?" म्हणून ओरडलो होतो. "हे कसं केलंस?" असं एकदाही विचारलं नाही. शिक्षक असून! तो म्हणाला, "बाबा, आता ही वाचायला ड्राइव्हच नाही घरात." नातवाने मात्र ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यात काय लिहिलं होतं?"

मग बापलेक बराच वेळ बोलत बसले. मी ऐकत होतो.

तुमच्या कपाटात असं काही कुलूपबंद आहे का? असेल तर काढा बाहेर.