वाति आणि गॅस

‘वाति’ हा शब्द कानी पडला, तर मराठी माणसाला समईतल्या वातींचीच आठवण होईल. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास त्याला निराळाच अर्थ देण्यात आला होता. नागपुरास डॉ. रघुवीर यांनी शास्त्रीय परिभाषेचा जो प्रचंड उद्योग मांडला, त्यात ‘गॅस’साठी त्यांनी ‘वाति’ हा शब्द योजला. ‘वा’ म्हणजे वाहणे. वायू आणि वात हेही त्याच धातूपासून आलेले. ऑक्सिजनला त्यांनी जारक म्हटले, कार्बनला प्रांगार.

हा खटाटोप हास्यास्पद मानण्याचे कारण नाही. ‘गॅस’ हाही एकदा कोणी बुद्ध्या घडविलेलाच शब्द होता. व्हॅन हेल्मॉण्ट या फ्लेमिश वैद्याने लोणारी कोळसा जाळून पाहिला. 62 पौंडांची राख भरली अवघी एक पौंड. उरलेले अदृश्य द्रव्य भांड्यात कोंडता येईना, म्हणून ‘केऑस’ या ग्रीक शब्दावरून त्याने त्यास ‘गॅस’ हे नाव दिले. त्याच्या मृत्यूनंतर 1648 साली त्याचे लेखन ग्रंथरूपाने निघाले.

आज छत्तीसगढात असलेले भिलाई 1956 पर्यंत नागपूरच्याच राज्यात होते. तेथील पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीत कोकच्या योगाने खनिजातील ऑक्सिजन निघून जातो, लोखंडाचा रस खाली साचतो आणि वरून कार्बन मोनॉक्साइड असलेला गॅस बाहेर पडतो. तो इंधन म्हणून उपयोगी खरा. परंतु या विषाला ना रंग, ना वास. जून 2014 मध्ये भिलाईस झालेल्या अशाच गळतीत सहा जणांचे प्राण गेले.

जे डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही, त्याची सूचना शब्दानेच द्यावी लागते. तो शब्द अभियंत्याला आणि मजुराला, मराठी, हिंदी व छत्तीसगढी माणसाला एकाच क्षणी उमगला पाहिजे. ‘वाति’ची व्युत्पत्ती निर्दोष होती, पण ती कोशातच राहिली. मराठी ग्रंथांनी वायू पत्करला, स्वयंपाकघराने आणि कारखान्याने गॅस. शब्दाचे कूळ पंडित सांगतात; त्याला घर मात्र बोलणारेच देतात.