शिल्पकला व धातुकाम शिक्षण, सर जे. जे. कला शाळेतील

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले मूर्तिघडणीचे व धातुकामाचे शिक्षण. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली. हिंदुस्थानी कारागिरांना चित्रकला, आरेखन व हस्तव्यवसाय यांचे पद्धतशीर शिक्षण देणे, हा मूळ हेतू होता. शिल्पकाराने मातीत मूर्ती घडवावी आणि धातूचे ओतकाम ओतशाळेने करावे, ही विभागणी पुढे या शिक्षणात रुळली. त्याचा इतिहास बऱ्याच अंशी या विभागणीचाच इतिहास आहे.

इतिहास : १८६५ च्या सुमारास शाळेत तीन कार्यशाळा उभ्या राहिल्या. भित्तिसजावट जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे, वास्तुशिल्प जॉन लॉकवुड किपलिंग यांच्याकडे आणि शोभिवंत घडीव लोखंडकाम मायकेल हिगिन्स यांच्याकडे होते. शिक्षण प्रत्यक्ष बांधकामांशी जोडलेले होते. क्रॉफर्ड मार्केटच्या (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) प्रवेशद्वारांवरील शेतकरी व बाजारकरी यांची उत्थित शिल्पे किपलिंग यांची आहेत. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) सजावटीत जिन्यांचे लोखंडी व पितळी कठडे, लाकडी कोरीवकाम असे बरेच काम शाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. १८९१ मध्ये लॉर्ड रे या गव्हर्नरांच्या नावाने कलाकार्यशाळा सुरू झाल्या. त्यांत तांबे, पितळ व चांदीचे काम शिकवले जाऊ लागले.

धातूचे हे सारे शिक्षण मुख्यतः ठोकणे, घडणे व उठावकाम यांचे होते. शिल्पवर्गात शेवटचा टप्पा प्लॅस्टरचा असे. गणपतराव म्हात्रे यांना विद्यार्थिदशेत कीर्ती मिळवून देणारे ‘मंदिरपथगामिनी’ (१८९६) हे शिल्प प्लॅस्टरमधीलच आहे. शहरातले मोठे ब्राँझ पुतळे त्या काळी बहुधा विलायतेहून येत; ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाणारा, बोएम यांनी घडवलेला युवराज एडवर्ड यांचा पुतळा (१८७९) त्यांपैकी एक.

शाळेचे माजी विद्यार्थी विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर हे १९२० मध्ये लंडनला गेले व तेथे ब्राँझ ओतकामाची माहिती घेऊन परतले. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील त्यांचा साडेतेरा फूट उंचीचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा (१९२८) मुंबईतच ओतला गेला. एवढे मोठे काम इथल्या ओतशाळेत होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. गेट वे ऑफ इंडियाजवळील अश्वारूढ शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे (१९६१) शिल्पकार सदाशिव तथा भाऊ साठे हेही याच शाळेचे. त्यांची शिल्पे डोंबिवलीच्या ‘शिल्पालय’ या संग्रहालयात पाहावयास मिळतात.

शिक्षणक्रम : विद्यार्थी आधी तारेचा वा सळईचा सांगाडा बांधतो व त्यावर माती चढवतो. माती ओली ठेवली नाही, तर तिला भेगा जातात; सांगाडा कच्चा राहिला, तर रात्रीतून मूर्तीची मान कलते. ही शिस्त पहिल्याच वर्षी अंगी बाणते. मग प्लॅस्टरचा साचा काढून त्यातून प्रत उतरवली जाते.

ब्राँझसाठी मेण वितळवून साचा रिकामा करण्याची पद्धत वापरतात. संस्कृतात तिला मधूच्छिष्टविधान म्हणतात आणि चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात तिचे वर्णन आहे. साच्याच्या आत काही मिलिमीटर जाडीचा मेणाचा थर देऊन आतल्या पोकळीत गाभा भरतात. धातुरस आत जाण्यासाठी व हवा बाहेर पडण्यासाठी मेणाच्याच नळ्या जोडतात. नंतर सर्व बाजूंनी उष्णतारोधक लेप देऊन साचा भट्टीत भाजतात. मेण वाहून जाते व त्याची जागा रसासाठी मोकळी होते. ब्राँझ मेणाच्या नऊ-दहापट जड असल्याने वापरलेले मेण तोलून मुशीत किती धातू घ्यायचा, हे ठरवता येते. रस साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास, धार न तोडता ओततात. साच्यात ओल राहिली, तर तिची वाफ होऊन रस बाहेर उसळतो, म्हणून भाजणीत घाई चालत नाही. निवताना धातू किंचित आकसतो. साचा फोडल्यावर नळ्या कापणे, सांधे झाळणे, छिन्नी-कानशीने सफाई करणे व रसायनांनी रंगछटा देणे ही कामे उरतात.

हा क्रम विद्यार्थ्याला लहान आकाराच्या कामावर आत्मसात करता येतो. मोठ्या पुतळ्याला मोठी भट्टी, यारी आणि अनुभवी ओतारी लागतात. त्यामुळे ते काम खासगी ओतशाळांकडे जाते. तिथे उभे राहून पाहणे, हा या शिक्षणाचा अलिखित भाग आहे.

शाळेबाहेरील शिक्षण : शाळेच्या परंपरेतील ना. ग. पानसरे यांच्या मार्गदर्शनाखाली आदी दाविएरवाला व पिलू पोचखानवाला हे शिल्पकार तयार झाले. दोघांचेही रीतसर कलाशिक्षण झालेले नव्हते. पोचखानवाला यांनी पुढे भंगारातले लोखंडी तुकडे वेल्डिंगने जोडून शिल्पे केली. ओतशाळेवर न विसंबता धातूत काम करण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

सद्यःस्थिती : शाळेत शिल्पकला व धातुकाम हे स्वतंत्र विभाग आहेत. २०२३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शाळेचे माजी विद्यार्थी राम सुतार यांनी घडवलेल्या १८२ मीटर उंच ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’चे (२०१८) ब्राँझ पत्रे चीनमध्ये ओतून आणावे लागले. शिल्पकार तयार करण्यात शाळा यशस्वी ठरली. त्यांच्या तोडीच्या ओतशाळा व ओतारी घडवण्याचे शिक्षण मात्र तिच्या अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहिले.